दुर्मीळ लाकडाची इलेक्ट्रिक गिटार घरी बनवताना: लाकूड दिसण्यासाठी, माप वाजण्यासाठी

१९४०च्या सुमारास अमेरिकन गिटारवादक लेस पॉल याने पाइनच्या एका चार इंची चौकोनी ठोकळ्याला नेक (गिटारचा दांडा), पिकअप आणि तारा लावल्या. वाजायचा तो ठोकळाच. पण बघणाऱ्याला ती गिटार वाटावी म्हणून त्याने एका पोकळ गिटारची बॉडी उभी कापून तिचे दोन अर्धे ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना जोडले. सॉलिड बॉडी गिटार कशी चालते हे समजायला हा ठोकळा पुरेसा आहे. अकूस्टिक गिटारमध्ये लाकडाची पातळ पाटी स्वतः हलते आणि हवा हलवते. इथे पोलादी तार पिकअपच्या चुंबकावर थरथरते, त्यामुळे तांब्याच्या वेटोळ्यात अगदी थोडी वीज तयार होते आणि पुढचा आवाज अ‍ॅम्प्लिफायर काढतो.

लाकडाचा वाटा शून्य आहे असं नाही. लेचापेचा नेक किंवा सैल बसलेला जोड तारेची ऊर्जा खातो आणि सूर लवकर मरतो. पण वेंगे हे लाकूड घेतलं की आवाज ‘उबदार’ आणि पर्पलहार्ट घेतलं की ‘चमकदार’, या गप्पांवर खर्च करण्यात अर्थ नाही. दुर्मीळ कठीण लाकूड तीन गोष्टी नक्की ठरवतं: गिटारचं रूप, तिचं वजन आणि हत्यारांची किती धार जाणार. गिटार सुरात वाजेल की नाही, हे मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आतली मापं ठरवतात.

आधी तराजू

नेहमीच्या आकाराच्या, ४४ मिमी जाडीच्या बॉडीत पिकअपची आणि वायरिंगची पोकळी वगळून साधारण ४ लिटर लाकूड उरतं. एका लिटरचं वजन माहीत असेल तर चारने गुणायचं, झालं. ऑल्डर लिटरला साधारण ०.४५ किलो, महोगनी ०.५९, पडाक ०.७५, झेब्रानो ०.८०, वेंगे ०.८७, बुबिंगा आणि पर्पलहार्ट ०.९०च्या आसपास. कोकोबोलो १.१०, म्हणजे पाण्यात टाकलं तर बुडणारं. महोगनीची बॉडी २.४ किलोच्या आत बसते, बुबिंगाची ३.६ होते. त्यावर नेक, खुंट्या, ब्रिज (बॉडीवरचा तारांचा आधार) वगैरेंचे १.४ किलो धरा. एक गिटार ३.८ किलोची, दुसरी ५ किलोची. पाच किलो गळ्यात अडकवून दोन तास उभं राहून बघा, मग ठरवा. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीने १९६८ मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनसाठी आपली टेलिकास्टर गिटार शिसवाची बनवली. पुढे विक्रीला आलेल्या या गिटारच्या बॉडी वजनापायी आतून पोकळ करण्याची वेळ आली.

म्हणून अख्खी बॉडी दुर्मीळ लाकडाची करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गाभा ऑल्डर, महोगनी किंवा ‘लिंबा’ या आफ्रिकन लाकडाचा ३८ मिमी आणि त्यावर भारी लाकडाची ६ मिमी पाटी. बुबिंगाची अशी पाटी अर्ध्या किलोची भरते, ऑल्डरचा गाभा दीड किलोचा, आणि एकूण बॉडी दोन किलोंच्या जरा वर राहते. समोरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. एकाच फळीची उभी चीर काढून, पुस्तक उघडावं तसे दोन तुकडे शेजारी ठेवले की नक्षी दोन्ही बाजूंना आरशासारखी जुळते. झेब्रानोच्या पट्ट्यांना हे फारच शोभून दिसतं.

साहित्य असं लागेल: गाभ्यासाठी ५२० × १८० मिमीचे दोन तुकडे, वरच्या पाटीसाठी तेवढ्याच मापाचे ७ मिमी जाड दोन, नेकसाठी ७०० × ७५ × २५ मिमीचा एक ठोकळा आणि फ्रेटबोर्डसाठी (नेकवरची, बोटं दाबायची पाटी) ५०० × ६५ × ७ मिमीची एक फळी.

खरेदीआधी लाकडाची कागदपत्रं बघा. दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत ब्राझिलियन शिसव १९९२पासून सर्वांत कडक वर्गात आहे. शिसवाच्या म्हणजे डालबर्जिया कुळातल्या बाकी जातींवर आणि बुबिंगाच्या तीन जातींवर जानेवारी २०१७पासून निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, पण कच्च्या फळीला ती लागू नाही. आफ्रिकन पडाकही २०२३पासून यादीत आहे. सीमा ओलांडून फळी मागवायची असेल तर परवाना विक्रेत्याकडे हवा आणि त्याची प्रत तुमच्याकडे. वेंगे, पर्पलहार्ट आणि झेब्रानो घेताना त्या दिवशीची यादी तपासून घ्या, कारण ती दर तीन वर्षांनी बदलते.

लाकूड मुरू द्या

लाकडात पाणी ६ ते ९ टक्के असावं. ओलावामापक नसला तर वजनकाटा चालतो: फळीचं वजन दर आठवड्याला लिहून ठेवा, सलग तीन आठवडे आकडा हलला नाही की लाकूड खोलीच्या हवेशी जुळलं. गाभा आणि वरची पाटी एकाच खोलीत, एकमेकांत पट्ट्या ठेवून, वारा खेळेल अशी रचा. एक ओली आणि एक कोरडी फळी जोडली तर महिन्याभरात ओली आक्रसते आणि बॉडी बशीसारखी वाकते. नेकला हे दुप्पट लागू आहे. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे आणि त्याच्या वडिलांनी १९६३ मध्ये घरी बनवायला घेतलेल्या गिटारचा नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीचा होता. इतक्या वर्षांत त्या लाकडाला जितकं हलायचं होतं तितकं ते हलून झालं होतं. जुन्या फर्निचरचं लाकूड मिळालं तर नाक मुरडू नका. फक्त आत खिळा राहिला नाही ना, हे चुंबक फिरवून बघा.

आता धूळ. या विषयात लोक फार निष्काळजी असतात. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे, आणि दुर्मीळ लाकडांचा जाच आणखी वेगळा. कोकोबोलोची अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशी येईलच असं नाही. दहा वेळा काही होत नाही आणि अकराव्या वेळी हातांवर चट्टे उठतात, मग दर वेळी उठतात. वेंगेचं कुसळ बोटात गेलं तर ते पिकतं, लगेच काढा. बारीक धूळ अडवणारा घट्ट मास्क, लांब बाह्या, आणि सॅंडपेपरच्या यंत्राला जोडलेला व्हॅक्युम, एवढं असल्याशिवाय सुरू करू नये. कापडी रुमाल म्हणजे मास्क नव्हे.

सांधणं आणि कापणं

दोन फळ्यांच्या कडा रंध्याने इतक्या जुळवा की त्या एकमेकींवर उभ्या ठेवून मागे दिवा धरला तर उजेडाची रेघ दिसणार नाही. फट क्लॅम्पने दाबून बुजवली तर ती पुढे उघडतेच. लाकडाचा साधा पिवळा ग्लू महोगनी, ऑल्डर, मेपलला उत्तम धरतो. कोकोबोलो, शिसव आणि सागासारखी तेलकट लाकडं मात्र त्याला झिडकारतात. त्यांचा पृष्ठभाग ताजा तासा, अ‍ॅसिटोनच्या फडक्याने फडक्यावर रंग येणं कमी होईपर्यंत पुसा आणि लगेच, त्याच तासाभरात चिकटवा. रात्रभर ठेवलं तर आतलं तेल पुन्हा वर येतं. फारच तेलकट वाटलं तर इपॉक्सी वापरा, पण क्लॅम्प हलका ठेवा, नाहीतर सगळं इपॉक्सी बाहेर येऊन सांधा कोरडा राहतो. ६ मिमीची पाटी गाभ्यावर चिकटवताना वरून जाड सपाट फळी ठेवून दहा-बारा क्लॅम्प लावा. चोवीस तास हात लावू नका.

१२ मिमी एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) साचा आधी बनवा आणि त्यावर वेळ घालवा. साच्यातला खड्डा राउटर (फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र) इमानेइतबारे गिटारवर उतरवतो. बॉडी जिगसॉने रेषेच्या २ मिमी बाहेरून कापा आणि उरलेलं राउटरने, पात्याचं बेअरिंग साच्यावर फिरवत काढा. एका फेरीत ३ मिमी खोली पुरे. लालूच करून १० मिमी घेतलं की पर्पलहार्ट जळून काळं पडतं. बॉडीच्या शिंगांच्या (नेकच्या बाजूंना पुढे आलेल्या भागांच्या) टोकांवर, जिथे पातं लाकडाच्या रेषांच्या उलट जातं, तिथे सुपारीएवढी ढलपी क्षणात उडते. हा या कामातला सर्वांत महागडा अपघात. त्यावर उपाय म्हणजे धारदार पातं, त्या जागी सॅंडपेपरच्या ड्रमने आधीच रेषेपर्यंत येणं आणि राउटरने तिथे केसभरच काढणं. ढलपी उडालीच तर ती शोधा, त्याच दिवशी चिकटवा. वेंगेच्या काळ्या-तपकिरी पट्ट्यांत सांधा हरवून जातो.

मध्यरेषा हे बॉडीवरचं सर्वांत मोलाचं चिन्ह. ती घासली गेली की परत काढा, अंदाजाने चालू नका. नेकची खोबण, पिकअप, ब्रिज, सगळं तिच्यापासूनच मोजायचं आहे. नेकची खोबण ५६ मिमी रुंद आणि १६ मिमी खोल. नेक खोबणीत बसवून गिटार उचलली तर स्क्रूशिवाय क्षणभर लटकून राहावी, इतका घट्ट बसला पाहिजे.

नेक: इथे घाई करू नका

साधारण जाडीच्या सहा तारा मिळून नेकला सुमारे ४७ किलोंनी ओढतात, आणि ते महिनोन्‌महिने. म्हणून एका तुकड्यापेक्षा तीन किंवा पाच पट्ट्यांचा नेक बरा: मेपलच्या पट्ट्या आणि मध्ये वेंगे किंवा पर्पलहार्ट. शेजारच्या पट्ट्यांच्या लाकडाच्या रेषा उलट दिशेला ठेवल्या की एकीचा पीळ दुसरी अडवते. एक बारकावा लोकांच्या लक्षात येत नाही. ट्रस रॉडचा (तारांच्या ओढीविरुद्ध नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या पोलादी सळईचा) चर ६ मिमी रुंद असतो. मधली शोभेची पट्टीही ६ मिमीचीच घेतली तर चर ती जवळजवळ पूर्ण खाऊन टाकतो आणि उरलेली पातळ चीप मागे लटकते. एकतर ती १० मिमी घ्या, नाहीतर मध्ये मेपल ठेवून दोन्ही बाजूंना ४ मिमीच्या पट्ट्या घाला.

आता जाडीचा हिशेब मांडू. पहिल्या फ्रेटजवळ (फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) नेक फ्रेटबोर्डसह २१ मिमी. त्यातून फ्रेटबोर्डचे ६ गेले, ट्रस रॉडच्या चराचे ९ गेले, उरले ६ मिमी लाकूड. पाठ गोल करताना हातकानस हौसेने चालवली की चर मागून उघडा पडतो आणि नेक फुकट जातो. चर खोदल्यावर त्याची खोली नेकच्या कडेवर पेन्सिलीने लिहून ठेवा, आणि तासताना दर काही मिनिटांनी कॅलिपर लावा. चर नेक चौकोनी असतानाच खोदायचा. पाठ गोल केल्यावर तो सरळ खोदायला टेकायला जागाच राहत नाही.

फ्रेटबोर्ड चिकटवताना ओला ग्लू साबणासारखा सरकतो. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटच्या खाचेत बारीक भोकं पाडून दोन टाचण्या ठोका म्हणजे फळी जागची हलणार नाही. ट्रस रॉडवर पातळ टेपची पट्टी लावा, ग्लू आत गेला तर रॉड कायमचा अडकतो.

फ्रेट्सचं गणित

नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीला स्केल म्हणतात. ६४८ मिमी ही फेंडर घराण्याची नेहमीची लांबी. प्रत्येक फ्रेटला उरलेल्या लांबीचा १७.८१७ वा भाग पुढे जायचं. ६४८ ÷ १७.८१७ म्हणजे पहिली फ्रेट नटपासून ३६.३७ मिमीवर. उरले ६११.६३, त्याला पुन्हा भागलं की ३४.३३, म्हणजे दुसरी ७०.७० वर. असं करत बारावी बरोबर ३२४ वर, स्केलच्या निम्म्यावर, येते. तशी आली नाही तर हिशेबात चूक आहे.

गणित असं साखळीने करा, पण मोजणी साखळीने करू नका. एका फ्रेटपासून दुसरी मोजत गेलात आणि दर वेळी ०.२ मिमी चुकलात, तर बाविसाव्या फ्रेटपर्यंत चूक ४.४ मिमी होते. तिथे तारेची वाजणारी लांबी १८२ मिमीच उरलेली असते, त्यामुळे सूर जवळजवळ पाव स्वराने, म्हणजे अर्धस्वराच्या ४० टक्क्यांनी, घसरतो. सगळी मापं नटपासूनच घ्या. खाचा आधीच पाडलेला फ्रेटबोर्ड विकत मिळत असेल तर पहिल्या गिटारला तो घेण्यात काही कमीपणा नाही.

खाच ०.५८ ते ०.६ मिमी रुंद हवी. आबनूसासारख्या कठीण फळीत ती अरुंद राहिली तर प्रत्येक फ्रेट पाचरीसारखी बसते. बावीस पाचरी मिळून नेक मागे वाकवतात, आणि ट्रस रॉड सैल सोडूनही तो सरळ येत नाही. खाचेच्या दोन्ही कडांवर त्रिकोणी कानस एकदाच हलकी फिरवा, म्हणजे पुढे फ्रेट काढायची वेळ आली तर कपच्या उडणार नाहीत. फ्रेट फळीच्या वक्रतेपेक्षा थोडी जास्त वाकवून घ्या, आधी दोन टोकं ठोका, मग मध्य.

बसवल्यावर ट्रस रॉडने नेक अगदी सरळ करा, फ्रेट्सच्या माथ्यावर मार्करने शाई लावा आणि सपाट पोलादी पट्टीला ४०० नंबरचा पेपर चिकटवून लांबवर घासा. सगळ्यांवरची शाई जराशी गेली की थांबा. एखाद्या फ्रेटवर शाई तशीच राहिली तर ती बसकी आहे. मग माथे पुन्हा गोल करायचे आणि २००० नंबरपर्यंत चकाकवायचे. पोलादी लोकर वापरणार असाल तर पिकअप झाकून ठेवा. चुंबकाला चिकटलेले तिचे तुकडे निघता निघत नाहीत.

ब्रिज आणि बाकीचं

ब्रिजची भोकं शेवटी पाडा, नेक बसवल्यावर, दोन टोकांच्या तारांऐवजी दोरे लावून. सर्वांत बारीक तारेचं सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो सरकता तुकडा) जवळजवळ पूर्ण पुढे आणून त्याचा माथा नटपासून ६४८ मिमीवर ठेवा. जाड तारेला ३ ते ५ मिमी जास्त लागतात, तेवढी मागे सरकायला जागा उरते. सपाट ब्रिजसाठी नेक सरळ चालतो: टाचेजवळ, म्हणजे नेक बॉडीत बसतो तिथे, नेक आणि फ्रेटबोर्ड मिळून २५ मिमी, खोबण १६, म्हणजे फ्रेटबोर्ड बॉडीच्या ९ मिमी वर. दोन खांबांवरचा उंच ब्रिज हवा असेल तर खोबण २ ते ४ अंश कलती करावी लागते. हा निर्णय बॉडी कापण्याआधीचा आहे, नंतरचा नाही.

कठीण लाकडात स्क्रू तुटतात, विशेषतः खुंट्यांचे बारीक पितळी स्क्रू, आणि तेही शेवटच्या अर्ध्या आट्यावर. आधी योग्य भोक पाडा, तेवढ्याच मापाचा पोलादी स्क्रू मेण लावून एकदा आत-बाहेर करा, मग पितळी बसवा. वायरिंगला फार काही नाही: हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या पिकअपला) ५०० किलोओम, सिंगल कॉइलला (एका वेटोळ्याच्या पिकअपला) २५० किलोओमचे पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची फिरती बटणं. पॉटच्या जागी वरचं लाकूड ५ मिमीपेक्षा जाड राहू देऊ नका, नाहीतर पॉट आवळायचा नट लावायला आटे उरत नाहीत. ब्रिजपासून पोकळीपर्यंत अर्थिंगच्या तारेचं लांब भोक पॉलिशआधी पाडायचं. ते विसरलात तर तारांना हात लावला तरी गिटारची गुणगुण थांबत नाही.

पॉलिशमधली फसगत

पडाकचा लाल भुसा मेपलच्या छिद्रांत बसला की मेपल गुलाबी दिसतं आणि पुसायला जावं तितका रंग पसरतो. अशा सांध्यावर पेपरऐवजी स्क्रेपर चालवा, हवेने भुसा उडवा आणि दोन्ही लाकडांवर लाखेच्या पॉलिशचे दोन पातळ हात मारा. कोकोबोलो आणि शिसवावर तेलाचं पॉलिश आठवडाभर चिकट राहतं, कारण लाकडातली रसायनं तेलाला सुकूच देत नाहीत. तिथेही मेण काढलेल्या लाखेचा हात आधी द्यावा. वेंगेची छिद्रं भरली नाहीत तर पॉलिश त्यात बसत जातं आणि चकाकी कधीच सपाट येत नाही.

रंग टिकवायच्या भ्रमात राहू नका. पर्पलहार्ट कापल्याबरोबर मळकट तपकिरी असतं, हवेत काही दिवसांत जांभळं होतं आणि उन्हात वर्षानुवर्षं राहिलं की पुन्हा तपकिरीकडे जातं. पडाकही नारिंगीचा विटकरी होतो. अतिनील किरण अडवणारं पॉलिश हे लांबवतं, थांबवत नाही. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती स्वतः तापतात आणि पेटतात. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

तारा चढवल्यावर पहिली फ्रेट कॅपोने (तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने) आणि शेवटची बोटाने दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर बघा: तार आणि फ्रेटमध्ये ०.२ मिमी फट हवी, फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) पान हलकेच सरकेल इतकी. जास्त असेल तर ट्रस रॉड पाव फेरीने घट्ट करा आणि नेकला स्थिरावायला वेळ द्या. मग बाराव्या फ्रेटवर तारांची उंची, बारीक तारेला १.६ आणि जाड तारेला २ मिमी. सर्वांत शेवटी सूर: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळवायचा. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे, उतरता आला तर पुढे. नवा नेक पहिले दोन-तीन आठवडे तारांच्या ओढीला सरावत असतो, तेव्हा ही तिन्ही मापं महिन्याने याच क्रमाने पुन्हा घ्यावी लागतील. हवा कोरडी झाली की फ्रेटबोर्ड थोडा आक्रसतो आणि फ्रेट्सची टोकं कडेला बोटांना टोचू लागतात. तेव्हा बारीक कानस नेकच्या कडेने एकदा फिरवली की पुरे.